दमट हवेतील रसायने : कोकणातील शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेसाठी

काही वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रत्नागिरी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळेचे कपाट उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्रथमच उघडले, तेव्हा मधल्या फळीवर पाण्याचा ओघळ दिसला. बाहेर दोन दिवस संततधार लागली होती आणि छपरातून पाणी गळणे आमच्याकडे नित्याचेच असल्याने मी हाताशी असलेल्या फडक्याने तो ओघळ पुसून टाकला. फडके पिळताना बोटे साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागू लागली आणि तेव्हा कुठे माझे लक्ष मागच्या बरणीकडे गेले. कॉस्टिक सोड्याची ती प्लॅस्टिकची बरणी कलंडलेली होती, तिच्या झाकणाला चीर गेली होती आणि आतील पांढऱ्या गोळ्यांनी हवेतील ओल शोषून स्वतःचेच पाणी करून घेतले होते. हाताला वेदना नव्हती. नेमके हेच अल्कलीचे, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारीय पदार्थाचे, भाजणे फसवे करते, कारण त्वचेतील स्निग्धांशाचा खरोखर साबण होत असतो आणि माणसाला वाटते की काहीच झालेले नाही. मी नळाखाली बराच वेळ हात धरला, तरीही बोटांच्या टोकांची साले पुढे आठवडाभर निघत राहिली.

प्रयोगशाळेतील सुरक्षेचे नियम बहुतेक सर्व पुस्तकांत सारखेच असतात आणि ते बरोबरही असतात. मात्र समुद्रकिनाऱ्यावरील खारी, दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, खंडित होणारी वीज आणि एप्रिल-मे महिन्यांत आटणाऱ्या विहिरी यांमुळे काही नियमांना आपल्याकडे अधिक जपावे लागते, तर काहींसाठी वेगळी तयारी करावी लागते. आपल्या मुलांपैकी अनेक जण विज्ञानाची पदवी घेऊन लोटे-परशुराम, महाड, रोहा येथील रासायनिक कारखान्यांत नोकरीला लागतात. बाटली हातात घेण्याची त्यांची पहिली सवय आपल्या प्रयोगशाळेत लागते, म्हणून हा लेख शिक्षकांसाठी आणि प्रयोगशाळा सहायक व परिचरांसाठी लिहीत आहे.

कपाट उघडताना

सुट्टीनंतरची पहिली तपासणी विद्यार्थी नसताना आणि दिवसाउजेडी करावी. खोलीची दारे-खिडक्या उघडून, एक्झॉस्ट पंखा असल्यास तो सुरू करून, निदान पंधरा मिनिटे आत जाऊ नये. त्यानंतर चष्मा, हातमोजे आणि सुती ॲप्रन घालून कपाट उघडावे. फळीवर दिसणारा कोणताही ओलावा, तो कितीही पाण्यासारखा वाटला तरी, रसायन समजूनच हाताळावा. लिटमस कागदाचा तुकडा चिमट्यात धरून त्याला टेकवला की दोन सेकंदांत उत्तर मिळते, आणि त्या दिवशी मी एवढेच केले असते तर बोटे वाचली असती.

बाटल्यांवर आणि खिडकीच्या काचेवर पिठासारखी पांढरी पूड बसलेली आढळली, तर ती धूळ नव्हे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकाच कपाटात ठेवले की दोहोंची वाफ हवेत भेटते आणि तिचा अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, तयार होतो. तो स्वतः फारसा घातक नसला तरी दोन्ही बाटल्यांची झाकणे गळत आहेत आणि त्यांची जागा चुकली आहे, याची ती लेखी तक्रारच असते. ज्या लोखंडी कपाटात हे आम्ल ठेवलेले असते त्याच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने आणि आम्लाच्या वाफेने मिळून दोन-तीन पावसाळ्यांत कुजतात, आणि एक दिवस बाटल्यांसकट फळी खाली येते. म्हणून प्रत्येक फळीवर दाबून पाहावे. आम्लांसाठी लाकडी कपाट आणि त्यात जाड प्लॅस्टिकचे ट्रे ही साधी व्यवस्था महागड्या लोखंडी कपाटापेक्षा आपल्या हवेत अधिक टिकते, असे माझे मत आहे.

मग लेबले पाहावीत. पावसाळ्यात डिंक सुटतो, कसर आणि झुरळे कागद खातात आणि बॉलपेनची शाई पसरते. ज्या बाटलीवर लेबल उरलेले नाही तिच्यातील पदार्थ ओळखण्यासाठी वास घेऊ नये, थेंब टाकून पाहू नये आणि ‘बहुधा मिठाचे आम्ल असावे’ असा अंदाजही करू नये. ती बाजूला काढून, तिच्यावर ‘अज्ञात, घातक’ असे लिहून, विल्हेवाटीच्या ट्रेमध्ये ठेवावी. नवी लेबले पेन्सिलीने लिहावीत, कारण पेन्सिलीची खूण ओलीने फुटत नाही, आणि वरून वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्यावा किंवा रुंद पारदर्शक पट्टी बाटलीभोवती पूर्ण गुंडाळावी. लेबलावर नाव, तीव्रता, बाटली आल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख या चार गोष्टी हव्यातच. कारखान्याच्या लेबलावरील तांबड्या कडेच्या चौकटीतील चिन्हे नवे लेबल लावताना झाकली जाऊ नयेत. ज्वाला, गंज लावणारा द्रव, कवटी अशी ही एकूण नऊ चिन्हे जगभर सारखीच असतात आणि ती मुलांना पहिल्याच तासाला शिकवावीत.

दोन प्रकारच्या जुन्या बाटल्यांना मात्र हातच लावू नये. ईथर हवेशी संयोग पावून पेरॉक्साइड तयार करते, आणि बुचाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसत असतील, तर ती बाटली हलवली किंवा बूच पिळले तरी स्फोट होऊ शकतो. पिवळे पिक्रिक आम्ल ओले ठेवलेले असते तोवर सुरक्षित असते. ते सुकले आणि झाकणाच्या आट्यांत स्फटिक साचले की तेही स्फोटक होते. अशी बाटली आढळल्यास खोलीला कुलूप लावावे आणि प्राचार्यांमार्फत पोलिसांना कळवावे. ही अतिशयोक्ती नव्हे, कारण जुन्या प्रयोगशाळांच्या मागच्या फळ्यांवर असल्या बाटल्या दशकानुदशके पडून असतात.

काय कुठे ठेवावे

अकारविल्हे रचना नोंदवहीत शोभते, कपाटात ती धोकादायक ठरते. त्या रचनेत नायट्रिक आम्लाच्या शेजारी कोणते सेंद्रिय द्रव्य येईल, याचा काही नेम नसतो. रसायने त्यांच्या स्वभावानुसार वेगळी करावीत. आम्ले एकीकडे, अल्कली आणि अमोनिया दुसरीकडे. अल्कोहोल, ॲसिटोन, ईथर यांसारखे ज्वालाग्राही द्रव आणखी वेगळे. आणि पोटॅशियम परमँगनेट, नायट्रेटे, क्लोरेटे, हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिडीकारके, म्हणजे इतर पदार्थांना पेट घ्यायला मदत करणारी द्रव्ये, त्या सर्वांपासून दूर. परमँगनेटच्या चिमटीवर ग्लिसरिनचे काही थेंब पडले तर थोड्या वेळाने काडी न लावताच जाळ होतो. हे दोन पदार्थ एका फळीवर शेजारी ठेवलेले मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहेत. नायट्रिक आम्ल इतर आम्लांपासूनही वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे, विशेषतः ग्लेशियल ॲसिटिक आम्लापासून, कारण ते आम्ल असूनही ज्वालाग्राही आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात विहिरीत टाकण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर उरली की ‘रसायनच आहे’ म्हणून प्रयोगशाळेत येते. ब्लीचिंग पावडरचा कोणत्याही आम्लाशी संबंध आला की क्लोरीन वायू सुटतो. फरशी धुण्याचे ‘ॲसिड’ आणि ब्लीचिंग एकाच बादलीत ओतून मोरी घासणाऱ्यांनाही तो भेटतो. ब्लीचिंग पावडरची पिशवी प्रयोगशाळेबाहेर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावी. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी आणलेला मोरचूदही कुणी आणून ठेवतो. तो त्या मानाने निरुपद्रवी असला तरी विषारी आहे आणि शाळेच्या मोरचुदात मिसळून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

ओल ओढणाऱ्या पदार्थांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कॉस्टिक सोडा आणि पोटॅश, कॅल्शियम क्लोराइड व फेरिक क्लोराइड यांच्या बरण्या घट्ट झाकणाच्या, त्याही दुसऱ्या मोठ्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशवीसह ठेवाव्यात. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते भट्टीत सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा निळे करता येते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला काचेचे बूच लावू नये. अल्कली काचेवर क्रिया करते आणि बूच असे चिकटते की ते ठोकून काढण्याच्या नादात बाटलीची मान फुटते; तिथे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बूच वापरावे. पदवी महाविद्यालयांत असणारे निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड ओलीने हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. अशी बाटली आतून दाबाखाली असते, म्हणून ती उघडताना तोंड दुसरीकडे वळवून, जाड फडक्याने झाकण धरून, हळूहळू सैल करावी.

पाण्याशी भांडणारे दोन पदार्थ शाळेत हमखास असतात. पहिला सोडियम धातू. तो रॉकेलमध्ये बुडालेला असतो खरा, पण मेच्या उकाड्यात रॉकेल उडून पातळी खाली जाते आणि तुकड्याचे डोके उघडे पडते. सुट्टी लागण्यापूर्वी आणि संपल्यावर ती पातळी पाहावी. दुसरा पदार्थ कॅल्शियम कार्बाइड. आंबे पिकवण्यासाठी ते वापरण्यास बंदी असूनही अनेकांनी ते पाहिलेले असते, म्हणून त्याची भीती मोडलेली आहे. दमट हवा लागताच त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि बंद डब्यात तो साचून राहतो. असा डबा दिव्याजवळ उघडणे म्हणजे भडक्याला आमंत्रण होय.

द्रव रसायने, विशेषतः आम्ले, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावीत, हा नियम योग्यच आहे. मात्र २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड शहरांत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले, हे आपण विसरू शकत नाही. वाशिष्ठी, सावित्री किंवा अन्य कोणत्याही नदीच्या पूररेषेजवळच्या इमारतीत रसायनांचा साठा तळमजल्यावर ठेवूच नये. दुसरा पर्याय नसेल, तर मे अखेरीस सोडियम आणि कार्बाइड वरच्या मजल्यावरील कुलूपबंद कपाटात हलवावे. पूर ओसरल्यावर अशा खोलीत एकट्याने शिरू नये आणि चिखलातील बाटल्या हाताने उचलू नयेत.

आम्लाच्या साठ्याबाबत कायद्याचीही एक बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लविक्रीवर निर्बंध घातले, तेव्हा शैक्षणिक प्रयोगशाळांनाही वापराची नोंदवही ठेवण्याचे, साठ्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमण्याचे आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करण्याचे निर्देश दिले. किती मिलिलिटर, कोणत्या प्रयोगासाठी, कोणत्या दिवशी, एवढे रोज लिहिले तर ती नोंदवही गळणारी बाटलीही आपोआप दाखवून देते.

प्रयोगाच्या तासापूर्वी

नव्या रसायनासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला सगळे ‘एमएसडीएस’ किंवा ‘एसडीएस’ म्हणतात, ते फाइलमध्ये गाडून ठेवण्यासाठी नसते. त्याचे १६ भाग असतात. तासापूर्वी चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी व साठवण), आठवा (संरक्षक साधने) आणि दहावा (कशाशी जुळत नाही) एवढे वाचले, तरी शाळेच्या कामाला पुरते.

पावसाळ्यात मुले छत्र्या, रेनकोट आणि रबरी चपला यांसह येतात. छत्री आणि रेनकोट प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच राहिले पाहिजेत. ठिबकणारे पाणी सोडियमजवळ नको, आणि नायलॉनचा रेनकोट पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. उघडी बोटे असलेल्या चपलेवर आम्लाचा थेंब सरळ त्वचेवरच पडतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी वर्गात ठेवलेले बंद बूट घालण्याची सवय काही महाविद्यालयांनी लावली आहे आणि ती अनुकरणीय आहे.

चष्म्याबाबत मुलांची अडचण खरी असते. घामाने काच धुरकट होते आणि दहा मिनिटांत चष्मा कपाळावर सरकतो. बाजूला आडव्या जाळ्या असलेला, थेट शिंतोडा आत न येणारा चष्मा घ्यावा, आणि दर वीस मिनिटांनी, बर्नर बंद करून, खिडकीजवळ जाऊन चष्मा काढून पुसण्यास मुभा द्यावी. अशी ठरलेली विश्रांती दिली, तर मधल्या वेळात चष्मा डोळ्यांवर टिकतो. नुसते ओरडून तो टिकत नाही. पातळ नायट्राइल हातमोजे संहत (तीव्र) आम्लापुढे काही मिनिटेच टिकतात. थेंब पडताच ते काढून हात धुवावेत, ‘मोजे आहेत ना’ म्हणून काम पुढे रेटू नये.

आणि वीज. तिरपा पाऊस लागला की खिडक्या बंद कराव्या लागतात आणि सगळी भिस्त एक्झॉस्ट पंख्यावर किंवा फ्यूम हूडवर, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटावर, राहते. वीज गेली की वायू सुटणारा प्रत्येक प्रयोग त्याच क्षणी थांबवावा, बर्नर बंद करावेत आणि मुलांना व्हरांड्यात न्यावे. तांब्यावर नायट्रिक आम्ल टाकल्यावर सुटणारा तांबूस वायू तर फार फसवा आहे. तो हुंगल्यावर थोडा खोकला येतो, बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी रात्री, फुप्फुसात पाणी भरू लागते. किपच्या उपकरणात, म्हणजे वायू तयार करण्याच्या काचेच्या साधनात, तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा निराळी. कुजक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून तो कळतो असे वाटते, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे कधीही समजू नये.

काम करताना

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असते. अडीच लिटरच्या भरलेल्या बाटलीत साडेचार किलोहून अधिक आम्ल असते आणि घामेजल्या हाताने मान धरून ती उचलणे हा प्रयोगशाळेतील सर्वांत मोठ्या चुकांपैकी एक होय. एक हात तळाखाली आणि एक हात मानेला, आणि खोलीबाहेर न्यायची असेल तर बाटली प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवून, असेच ती न्यावी.

याच जडपणात ‘पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे’ या नियमाचे कारण दडलेले आहे. आम्ल पाण्यात सोडले की ते खाली बसत मिसळते आणि निघालेली उष्णता सगळे पाणी वाटून घेते. उलट आम्लावर पाणी ओतले तर ते वरच तरंगते, जिथे दोघे भेटतात तिथेच उकळते आणि आम्लाचे तुषार तोंडावर उडवते. सुमारे १ मोलरचे ५०० मिलिलिटर विरल आम्ल करायचे असेल, तर उष्णतारोधक काचेच्या मोठ्या चंचुपात्रात आधी ४०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे; ते पात्र थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवावे; २८ मिलिलिटर संहत आम्ल काचेच्या कांडीवरून, ढवळत, पाच-पाच मिलिलिटर सोडावे; आणि द्रावण गार झाल्यावर मोजपात्रात घालून ५०० पर्यंत पाणी भरावे. मोजपात्रातच किंवा जाड काचेच्या बाटलीत हे मिश्रण करू नये, कारण त्या उष्णतेने त्यांना तडा जातो. हे काम नेहमी शिक्षकाने किंवा सहायकाने करावे, मुलांनी पाहावे.

अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडण्यापूर्वी थंड पाण्यात काही वेळ ठेवावी. उष्णतेने विरघळलेला वायू बाहेर येऊन बाटलीत दाब साचतो आणि झाकण फिरवताच तो तोंडावर येतो. मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्याजवळ राहणाऱ्यांना या वायूची गळती काय असते, ते निराळे सांगायला नको.

टोलेन्स अभिक्रियाकारक, म्हणजे अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच करावे. उद्याच्या बॅचसाठी म्हणून ते रात्रभर ठेवू नये. त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होते. तास संपताच उरलेल्या द्रावणात विरल नायट्रिक आम्ल घालून ते निकामी करावे. सेंद्रिय पदार्थ सोडियमसह नळीत तापवून त्यातील मूलद्रव्ये ओळखण्याच्या लॅसेन चाचणीत सोडियमचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीहून लहान असावा. तो गाळण कागदाने टिपून, चिमट्याने उचलावा. लालबुंद नळी पाण्यात टाकताना ती फुटते आणि उरलेला सोडियम पेट घेतो, म्हणून त्या क्षणी बशीवर जाळी झाकावी आणि चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांवर असावा. कापताना उरलेले कण बेसिनमध्ये टाकू नयेत. कोरड्या अल्कोहोलमध्ये, ज्योतीपासून दूर, ते विरघळू द्यावेत.

ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपास आणि इथिल अल्कोहोलची वाफ सुमारे १३ अंशांनाही पेट घेऊ शकते. याचा अर्थ, आपल्याकडे कोणत्याही ऋतूत, दिवसाच्या कोणत्याही तासाला, या बाटल्यांच्या तोंडाशी पेटू शकणारी वाफ असते. स्पिरिटचा दिवा पेटता असताना किंवा गरम असताना भरू नये, कारण त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. पिपेट तोंडाने ओढू नये, वास घ्यायचाच असेल तर हाताने वारा घालून लांबून घ्यावा, तापवताना परीक्षानळीचे तोंड कुणाकडे नसावे. हे सर्वांना ठाऊक असते, फक्त रोज पाळावे लागते.

अपघात झाल्यास

पहिला उपाय पाणी, तेही भरपूर आणि लगेच. आम्ल वा अल्कली त्वचेवर पडल्यास त्यावरचे कपडे काढून निदान १५ मिनिटे वाहते पाणी सोडावे. आम्लावर सोडा आणि अल्कलीवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये, कारण त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. खोबरेल तेल, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. कळीच्या चुन्याची कोरडी पूड असेल तर मात्र ती आधी झटकून टाकावी, मग पाणी घ्यावे.

डोळ्यांत काही गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ सौम्य धारेने धुवावे. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोल शिरते, म्हणून चुना किंवा कॉस्टिक गेल्यास रुग्णालयात पोहोचेपर्यंत धुणे थांबवू नये. इथे आपल्या भागातील अडचण पुढे येते. डोळे धुण्यासाठी मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी लागते, म्हणजे १५ मिनिटांना सुमारे २३ लिटर. बारावीची प्रात्यक्षिके जानेवारी-फेब्रुवारीत असतात आणि त्यानंतर अनेक गावांत नळाला दिवसाआड पाणी येते. म्हणून पिण्यायोग्य पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, तोटी बसवलेले, टेबलाच्या कडेला कायम भरलेले असावेत, ते इतर कशासाठीही वापरू नयेत आणि त्यांतील पाणी दर आठवड्याला बदलावे. हजार-दीड हजार रुपयांच्या कोणत्याही साधनाआधी मी हे दोन कॅन मागेन.

रसायन पोटात गेल्यास उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. तोंड धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र सोबत द्यावे. वायू हुंगला गेल्यास मोकळ्या हवेत न्यावे आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. तालुक्याचे रुग्णालय घाटरस्त्याने तासाभरावर असेल, तर ‘थोडा वेळ थांबून पाहू’ म्हणण्याइतका वेळ आपल्याजवळ नसतो.

सांडलेल्या संहत आम्लावर एकदम पाणी ओतू नये. कोरड्या वाळूचे रिंगण करून, खाण्याचा सोडा कडेकडून मध्याकडे टाकत जावा आणि फसफस थांबली की फावड्याने उचलावे. सोडियमची आग विझवण्यासाठीही कोरडी वाळूच लागते. पाणी, फेस किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे तिथे चालत नाही. ही वाळू किनाऱ्यावरची किंवा खाडीची नसावी. त्यातील मीठ पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि शिंपल्यांचा चुरा आम्लात फसफसतो. नदीची वाळू गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात भरावी. उघडी लाल बादली आपल्या हवेत शोभेची ठरते. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि त्याची पिन गंजून धरली नाही ना, हे दर महिन्याला हाताने हलवून पाहावे.

उरलेले कुठे जाते

आपल्या बहुतेक शाळांच्या बेसिनचे पाणी मागच्या शोषखड्ड्यात जाते. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यातून झिरपलेले पाणी उताराखालच्या विहिरीला मिळते. म्हणून शिसे, पारा, क्रोमियम, बेरियम व चांदीची द्रावणे आणि कोणतेही सेंद्रिय द्रावक बेसिनमध्ये ओतू नये. त्यांच्यासाठी जाड प्लॅस्टिकचे वेगवेगळे, लेबल लावलेले कॅन ठेवावेत आणि ते तीन-चतुर्थांशाहून अधिक भरू नयेत. फक्त विरल आम्ले आणि अल्कली, एकमेकांनी उदासीन करून, लिटमसने तपासून, भरपूर पाण्यासोबत सोडता येतात. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र रायगड जिल्ह्यात तळोजा येथे आहे. एकट्या शाळेला तिथवर पोहोचणे जड जाते, म्हणून तालुक्यातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा एकत्र पाठवणी करावी, हा मला दिसणारा व्यवहार्य मार्ग आहे. थर्मामीटर फुटून सांडलेला पारा झाडूने लोटू नये, त्याचे कण आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडून, ताठ कागदाने गोळे एकत्र करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत आणि फटींत गंधकाची पूड टाकावी.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक झाकण फिरवून पाहावे, अल्कलीच्या बरण्या सरळ उभ्या करून त्यांच्याखाली ट्रे सरकवावा, सोडियमवर रॉकेल चढवावे, टोलेन्सची किंवा इतर कोणतीही तयार द्रावणे मागे ठेवू नयेत. मग कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस एक कार्ड लावावे. त्यावर आजची तारीख, प्रत्येक फळीवरील बाटल्यांची संख्या आणि शेवटची तपासणी करणाऱ्याचे नाव लिहावे, तेही पेन्सिलीने, म्हणजे जूनमध्ये दार उघडणाऱ्याला ते वाचता येईल.